दोन मापटी पीठ

ओतूर, सोमवार ता. १७ जून १९०७

आजपासून कोठीची किल्ली माझ्याकडे.

पुण्याच्या एका गृहहितवर्धक सभेने निबंध मागवले आहेत. विषय 'अल्प वेतनात सुखी संसार'. बक्षीस पंचवीस रुपये, शिवाय निबंध छापून निघेल. नुसती वाक्ये जुळवून पाठवणारे पुष्कळ असतील. मी ठरवले की आधी स्वतःच्या घरात करून पाहायचे आणि मग लिहायचे. शाळेचा पगार पंधरा रुपये, त्यातले आठ चुलीत जातात. ते सहावर आणून दाखवायचे, आणि घरात कोणी उपाशी राहता कामा नये. ही दुसरी अट माझी मीच घातली आहे.

घरात जेवणारी माणसे चार. मी, सौ. सगुणा, सहा वर्षांची बनी आणि माझी थोरली बहीण प्रयागआक्का. मेहुणे वारल्यावर आक्का घोडेगावाहून आमच्याकडे आली, तेव्हापासून किल्ली तिच्याच कमरेला असे. मागितली तेव्हा तिने काही विचारले नाही. दोरी सोडायला मात्र वेळ लागला, गाठ जुनी होती.

आठवड्याचा तक्ता करून स्वयंपाकघरात फळीखाली चिकटवला. दोघींना वाचून दाखवला. सोमवारी भाकरी व हुलग्याचे माडगे, मंगळवारी पिठले, बुधवारी मटकीची आमटी, याप्रमाणे. भात फक्त रविवारी. मला मात्र शाळेच्या आधी मूठभर भात रोज लागेल, कारण बाजरीने घसा कोरडा पडतो आणि शिकवता येत नाही. पीठ रोज दोन मापटी, मी स्वतः मोजून देणार. आक्का एकदाच जेवते, म्हणून तिचे अर्धेच माणूस धरले आहे.

आक्का म्हणाली, "छान केलंस चिंतू. बनीचं दूध ठेवलंस ना?"

"निम्मं ठेवलंय."

सौ. म्हणाली, "आणि पाहुणा आला तर?"

पाहुण्याचा विचार राहून गेला होता. पण तिच्यासमोर तसे बोललो नाही.

गुरुवार ता. २० जून

दूधवाली गोजरबाई सकाळी दारात उभी राहून भांडली. "मास्तर, लेकराच्या तोंडचं दूद तोडता व्हय? माजं काय, मी दुसऱ्या घरी घालीन. पर पोरीकडं बगा की जरा!" चार घरच्या बायका बाहेर आल्या. मी शांत राहिलो. नवीन गोष्ट करणाऱ्याला लोकांचे बोलणे सोसावेच लागते.

चहा मी स्वयंपाकखर्चात धरलेला नाही. तो शाळेसाठी आहे.

सोमवार ता. १ जुलै

पहिले दोन आठवडे पार पडले. तक्ता मोडला नाही. गुरुवारी पीठ कमी पडल्याची कुरकूर सौ.ने केली. मी म्हटले, भाकऱ्या पातळ थाप. तिने थापल्या, आणि पुरल्या.

आक्काने गुरुवार धरला आहे, दत्ताचा. एकाएकी कसा काय धरलास म्हणून विचारले, तर म्हणाली, "वय झालं. आता नाही करायचं तर कधी?" तिचे वय पुरते चाळीसही नाही. पण देवाकडे ओढा लागणे चांगलेच. शिवाय गुरुवारी आमटी पुरून उरली.

रविवार ता. २१ जुलै

आज एकादशी. उपवास म्हणजे काटकसर असे मी समजत होतो, ते खोटे ठरले. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाणे, तूप मिळून एका दिवसात तीन दिवसांच्या भाकऱ्यांचा खर्च झाला. जेवताना मी ते बोलून दाखवले. आक्काने आपल्या पानातली उसळ तशीच बनीच्या ताटलीत सारली आणि म्हणाली, "मला ताकावर चालतं. उगाच तूप जाळायचं कशाला?"

संध्याकाळी तिने सांगितले की चातुर्मासात धारणे-पारणे करणार. एक दिवस जेवायचे, एक दिवस नाही. न जेवण्याच्या दिवशी फक्त ताक. सौ. मध्येच म्हणाली, "वन्सं, गुरुवार आहेच की." आक्काने तिच्याकडे पाहिले आणि सौ. गप्प झाली. या दोघींचे काहीतरी असते, मला सांगत नाहीत.

मला क्षणभर वाटले, इतके उपवास तिला सोसतील का? लहानपणी आई गेल्यावर मला हिनेच भरवून मोठे केले. पण धर्माच्या कामात आडवे कसे यावे? आणि तिने आपण होऊन घेतले आहे.

सोमवार ता. २९ जुलै

बाजरी महागून रुपयाला बारा शेरांवर आली. पलीकडच्या आळीतल्या माणिकचंद शेटजींचे दुकान बाकीच्यांपेक्षा बरे, तोलात फसवत नाहीत. त्यांना आक्काचा तांदूळ विकला.

याची हकीकत अशी की, आक्काच्या सासरहून तिला अन्नवस्त्रापोटी दरवर्षी मार्गशीर्षात दोन पोती आंबेमोहोर येतो. इतका चांगला तांदूळ रोज खाणे आपल्या ऐपतीचे नाही. त्यातले पाऊण पोते उरले होते. त्याच्या पैशांत बाजरी आणि थोडा जाडा तांदूळ आला, वर आठ आणे शिल्लक. ही बचत निबंधात दाखवता येईल. आक्का त्या वेळी अंगणात निवडत बसली होती. शेटजींचा हमाल पोते उचलून नेईपर्यंत तिने सूप खाली ठेवले नाही.

आणखी एक गोष्ट. बनी आज बोलता बोलता म्हणाली, "आत्या माझी ताटली पुसून खाते." मी तिला समजावले की अन्नाचा कण टाकू नये, आत्यापासून हे शिक. हे उदाहरणही चांगले आहे, मुलांना सांगता येईल.

मंगळवार ता. २० ऑगस्ट

कालचा प्रकार लिहायला काल मन झाले नाही.

श्रावणी सोमवार, म्हणून कपर्दिकेश्वराला यात्रा. शाळेला सुट्टी. देवापुढे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचल्या होत्या, आणि दर्शनाला ही गर्दी. आक्का बायकांच्या रांगेत पुढे होती. एकदम गलका झाला. जाऊन पाहतो तो ती पायरीवर आडवी पडलेली, डोळे पांढरे केलेले. नदीचे पाणी तोंडावर मारले तरी लवकर शुद्धीवर येईना.  ती गेली असेच वाटले.

माणिकचंद शेटजींची आई पानबाई मांडवी नदीच्या काठाने आपल्या गाडीतून जात होती. तिने गाडी थांबवली, आक्काला आत घेतले आणि घरी आणून सोडले. वाटेत हाताने गूळपाणी पाजले. बाई साठीच्या पुढची, पण आवाज करडा. आमच्या ओसरीवर बसून मला म्हणाली, "मास्तर, हिनं काल काय खाल्लं?"

"काल तिचं पारणं होतं. जेवली असेल."

"असेल?"

मी म्हटले, "आमच्यात चातुर्मासात उपवास असतात, आजी."

"उपास मला सांगू नका. आमच्यात बायका आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर बसतात, मीही बसलेय. उपासाची बाई वेगळी दिसते आणि उपाशी बाई वेगळी दिसते."

मला राग आला. दुसऱ्याच्या धर्मातले यांना काय कळणार? पण उपकार केले होते, म्हणून बोललो नाही. पानबाई गेल्यावर सौ. आत जाऊन चुलीपुढे बसली आणि कितीतरी वेळ राख चिवडत राहिली.

बुधवार ता. २१ ऑगस्ट

पीठ अर्धे मापटे वाढवले. आक्काला सांगितले, धारणे-पारणे बंद. तिने मान हलवली.

शुक्रवार ता. ३० ऑगस्ट

या आठवड्याचा हिशेब बिघडला. निबंध सप्टेंबरअखेर पाठवायचा. जूनपासून खर्च उतरत आलेला दाखवून शेवटी चढलेला दाखवला, तर वाचणारा हसेल. आक्का आता हिंडते फिरते. तिला विचारले, "बरं वाटतंय ना?" म्हणाली, "मला काय झालंय?"

उद्यापासून पुन्हा दोन मापटी.

मनात खटकते आहे, ते लिहून ठेवतो. पण महिनाभराचाच प्रश्न आहे.

रविवार ता. २२ सप्टेंबर

आक्का दुपारची पानबाईकडे जाते असे आज कळले. गहू निवडायला, पापड लाटायला. मला शाळेतल्या शिपायाने सांगितले, तेही हसून. घरी येऊन मी तिला विचारले, "आपल्या घरात काही कमी आहे म्हणून तू मारवाड्याचे गहू निवडतेस?"

"वेळ जात नाही रे."

"देवळात जा. पोथी वाच. मास्तरची बहीण लोकांकडं कामाला जाते म्हटल्यावर माझी काय अब्रू राहते?"

ती म्हणाली, "बरं, नाही जाणार." तिच्या पदरात काहीतरी बांधलेले होते. बनीने ओढले, तर दोन पुऱ्या निघाल्या. बनीने तिथेच खाल्ल्या. मी तोंड फिरवले. मुलाला लोकांच्या घरचे खायची सवय लागू नये.

सोमवार ता. ७ ऑक्टोबर

निबंध गेल्या सोमवारी पाठवला. एकंदर बावीस पाने.

हस्त नक्षत्र कोरडे चालले आहे. पाऊस पळाला असेच सगळे म्हणतात. बाजरी रुपयाला दहाच शेर. निबंध गेला असला तरी तक्ता सोडायचा नाही असे ठरवले, उलट आताच त्याची खरी गरज आहे. पीठ दीड मापट्यावर आणले. आज सौ.ने पहिल्यांदाच उलट उत्तर दिले. बनीला झोपवून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"एक दिवस तुम्ही शेवटी जेवा."

"म्हणजे?"

"आधी बनी, मग वन्सं, मग मी. आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही. एकच दिवस."

मी म्हटले, बरे. परीक्षेला मी भीत नाही.

मंगळवार ता. ८ ऑक्टोबर

आज शाळेतून आल्यावर मी शेवटी जेवलो. ओसरीवर बसून होतो. आतून तिघींचे जेवण झाल्यावर सौ.ने हाक मारली. टोपलीत तीन भाकऱ्या होत्या, पिठल्याला तर कोणी हातही लावला नसावा इतके होते. मला पुरले. एक भाकरी उरली असती, पण टाकण्यापेक्षा खाल्ली.

सौ.ला म्हटले, "पाहिलंस? शेवटी बसूनही पोटभर झालं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटले, चूक कबूल करील. तिने टोपली पालथी घातली आणि तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेली. आक्का तिच्या मागोमाग गेली. बराच वेळ दोघी आत आल्या नाहीत. हरल्याचे वाईट वाटते हे मी समजू शकतो.

सोमवार ता. ११ नोव्हेंबर

निबंधाला पहिले बक्षीस!

पत्र शाळेत आले. मुख्य मास्तरांनी सर्वांसमोर वाचले. मंडळींनी पेढ्यांची मागणी केली, ती हसून टाळली. पंचवीस रुपये मनीऑर्डरीने येतील, निबंध पुढच्या महिन्यात छापला जाईल. वाटेत माणिकचंद शेटजींनी दुकानातून उठून नमस्कार केला.

संध्याकाळी घरात सर्वांना बसवून नक्कल वाचून दाखवली. सौ. वाती वळत होती, आक्का बनीला मांडीवर घेऊन बसली होती. परीक्षकांना विशेष आवडलेला भाग असा (पत्रात तसा उल्लेख आहे): 'आपल्या पूर्वजांनी व्रते व उपवास लावून दिले, त्यांत केवळ परलोकाचा विचार नसून इहलोकीच्या द्रव्यसंचयाचेही धोरण आहे. ज्या घरी एखादी विधवा स्त्री धर्मपरायण वृत्तीने राहते, त्या घरी तिच्या व्रतांमुळे मासिक धान्यव्ययात आपोआप अष्टमांश बचत होते, हे मी स्वतःच्या घरातील आकड्यांनी सिद्ध करू शकतो.'

इथपर्यंत वाचले आणि आक्का म्हणाली, "परत वाच."

मला आनंद झाला. पुन्हा वाचले.

तिने बनीला मांडीवरून खाली ठेवले. "माझं नाव घातलंयस?"

"नाव कसं घालीन? 'एखादी विधवा स्त्री' असं घातलंय."

"आणि पुण्याच्या लोकांना ते आवडलं."

"फार आवडलं."

 मग ती म्हणाली, "सगुणेचं आणि बनीचं पोट भरावं म्हणून मी उठत होते रे पानावरून. भांडण नको म्हणून देवाचं नाव घेत होते. ते तुझ्या निबंधासाठी नव्हतं, चिंतू."

मी म्हटले, "तू एकदा तरी सांगायचंस."

ती उठून आत गेली. पुढची पाने मी वाचली नाहीत. सौ.च्या वाती तशाच पडून होत्या.

बक्षिसाच्या दिवशी घरात हे असे व्हावे!

बुधवार ता. १३ नोव्हेंबर

आक्का गेली. काल पहाटे आंघोळ करून, आपली दोन लुगडी आणि पोथी घेऊन पानबाईच्या घरी गेली. तिथे स्वयंपाकाला राहिली आहे. जाताना बनीच्या डोक्यावरून हात फिरवला, सौ.ला काहीतरी सांगितले. मी झोपलो होतो. उठवले का नाही, म्हणून सौ.ला विचारले. ती म्हणाली, "वन्सं म्हणाल्या, त्याला शाळा आहे, झोपू दे."

चार दिवसांत परत येईल.

शनिवार ता. २३ नोव्हेंबर

काहीतरी चुकते आहे. एक माणूस कमी झाले. दीड मापटे पीठ आता तिघांत आहे. तरी रोज कमी पडते! आज तर आमटीत पाणीच पाणी. सौ.वर संशय घेऊन मी कोठी तपासली. धान्य जागच्या जागी आहे.

तिला नीट विचारले, तेव्हा सांगू लागली. आक्का रोज पहाटे नदीकाठी जाऊन पाथरी, तांदुळजा, घोळ अशा रानभाज्यांतले काय मिळेल ते ओच्यातून आणायची. ते चिरून पिठात मळायची, पिठल्यात घालायची. गोजरबाईकडे शेण गोळा करायला मदत करून ताक आणायची. म्हणून पुरत होते.

"हे तक्त्यात नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं," ती म्हणाली.

म्हणजे सहा रुपयांत संसार होतो हे मी सिद्ध केले ते खरे, की नाही? निबंध छापायला गेला. आता सभेला कळवावे काय? कळवून तरी काय लिहायचे?

गुरुवार ता. १२ डिसेंबर

बक्षिसाचे पैसे आले. त्यातून माझा कोट शिवायला टाकला, कारण सभेच्या समारंभाला पुण्यास बोलावले आहे.

दुपारी घोडेगावाहून आक्काच्या सासरचे कूळ असलेला भिमाजी गाडी घेऊन आला. दोन पोती आंबेमोहोर. मी जोते मोकळे करून ठेवलेच होते. हा तांदूळ विकला की तीन महिन्यांची बाजरी येईल असा अंदाज बांधला होता.

"राम राम मास्तर. बाई कुटं हायेत आता?"

"ती इथं नाही. पोती आत ठेव."

तो गाडीवरून खाली उतरला नाही. "न्हाई जी. आमच्या मालकास्नी बाईंचा सांगावा आलाय. दोनी पोती शेटजींच्या घरी उतरवायची. इथं मी निस्ता वाट इचारायला थांबलो."

मी म्हटले, "अरे, पण हे तिचं घर आहे. मी तिचा भाऊ."

भिमाजीने मुंडासे सारखे केले. भला माणूस आहे, त्याला ते बोलणे जड गेले असावे. "मास्तर, राग मानू नगा. बाई म्हनल्या, वैनींला आन् पोरीला लागंल तसं मी रोजच्या रोज धाडीन, मापट्यानं. एकदम पोतं दिलं तर भाऊ इकंल."

शेजारपाजारच्यांनी ऐकले. सौ.ने दारात उभे राहून ऐकले. तिनेच हात करून त्याला शेटजींची आळी दाखवली.

मी सांगून टाकले आहे की तिकडून एक दाणाही माझ्या घरात येणार नाही.

मंगळवार ता. १७ डिसेंबर

बनी दुपारभर पानबाईकडे असते. तिथेच जेवून येते. रागावलो, तर म्हणाली, "आत्या भात देते. वर तूप." गालावर जरा तेज दिसते. मारायला उचललेला हात खाली घेतला.

सौ. घरात जे असेल ते खाते. तांदूळ मी नाकारल्यापासून माझ्याशी कामापुरते बोलते. मागितले म्हणजे देते, विचारले म्हणजे उत्तर देते. भांडत असे तेव्हा बरे होते.

रविवार ता. २२ डिसेंबर

आज मी स्वतः आक्काला आणायला गेलो.

शेटजींकडे दिवस मावळायच्या आत जेवणे उरकतात. मी गेलो तेव्हा घरच्यांचे झाले होते. पानबाई झोपाळ्यावर होती. मला पाहून उठली नाही, पण आतल्या दाराकडे बोट केले.

स्वयंपाकघराच्या पडवीत आक्का जेवत बसली होती. आमच्या घरी ती दिवसातून एकदाच जेवायची, इथे दुसऱ्यांदा! पानात पोळ्या, वरण, भाजी, भात. मी समोर येऊन उभा राहिलो तरी तिचा हात थांबला नाही. मी आजवर तिला जेवताना पाहिलेच नव्हते. आठवून पाहिले, खरेच नाही. ती सावकाश, खाली मान घालून जेवते. प्रत्येक घास पुष्कळ वेळ चावते.

"बस," ती म्हणाली.

मी पाटावर बसलो. "आक्का, घरी चल. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"मास्तरची बहीण मारवाड्याकडं भाकऱ्या भाजते, म्हणतात."

"पोळ्या. इथं गहू असतो."

मी म्हटले, "माझं चुकलं असेल. पण तोंडानं एकदा मागितलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं का?"

तिने भात कालवला. "आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. भूक लागली हे तुला सांगता यायचं नाही, नुसता भिंतीला टेकून बसायचास. मला कळायचं."

 मी तिला सांगितले की नवा तक्ता करतो आहे. त्यात तिचे पुरे माणूस धरीन, दोन वेळचे. तांदूळही विकणार नाही. पाहिजे तर तसे लिहून देतो.

"सगुणेचं किती धरलंयस?"

"तिचं आहेच की. आपल्या सगळ्यांचं मिळून."

"तिला विचारलंस?"

 तिने पान उचलले, हात धुतले आणि भांडी गोळा करू लागली. मी आणखी थोडा वेळ थांबलो. "मी येत नाही, चिंतू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. "बनीला पाठवत जा. आणि अंधार पडायच्या आत जा, वाटेत ओढ्याला चिखल आहे."

पानबाईने निघताना हाक मारून वाटीभर शिरा पुढे केला. मी घेतला नाही.

सोमवार ता. २३ डिसेंबर

शाळेतून आल्यावर नवा तक्ता आखायला बसलो. सौ. चुलीशी होती. बनी अजून तिकडून यायची होती. मी विचारले, "तुला एका वेळेला किती भाकऱ्या लागतात?"

तिने वळून पाहिले. थट्टा करतो असे तिला वाटले असावे.

"खरंच विचारतोय. लिहायचं आहे."

"ठाऊक नाही."

"असं कसं? स्वतःला किती लागतं हे माणसाला ठाऊक नसतं का?"

ती भाकरी उलटत म्हणाली, "या घरात आले तेव्हा अकरा वर्षांची होते. आधी सगळ्यांचं व्हायचं, मग उरेल ते. कधी एक, कधी दीड. लागतं किती, ते बघायची पाळीच आली नाही."

मी म्हटले, "मग आज बघ. पोट भरेपर्यंत जेव आणि मला सांग. मी नंतर बसतो."

तिला ते विचित्र वाटले. पुष्कळ नको नको म्हणाली. शेवटी पान घेऊन बसली. मी समोर कागद घेऊन बसलो होतो. एक भाकरी झाली. दुसरीचा तुकडा मोडला आणि तिचा हात थबकला.

"तुम्ही समोर असलात तर नाही जमायचं."

मी दौत-टाक उचलून ओसरीवर आलो. इथे बसून हे लिहितो आहे. आतून पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे. ही चौथी. माझ्या वाट्याचे, आणि बहुधा उद्याचेही पीठ त्यात गेले असावे. उठून आत जावे असे दोनदा मनात आले. गेलो नाही.